खाण बघायला जाण्याआधी



आजच्या व्याख्यानाला मी भारदस्त शीर्षक दिलेलं नाही, कारण विषय तसा घरगुतीच आहे. गेल्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या दोन विद्यार्थिनी माझ्याकडे आल्या. चौदा जणांचा त्यांचा गट दिवाळीनंतर ‘खाणी आणि गरिबी’ या विषयावर अभ्यास करायला निघणार आहे. मूळ बेत परदेशाचा होता. आफ्रिकेत झांबिया नावाचा देश आहे, तिथला तांब्याच्या खाणींचा पट्टा बघावा असं कुणीतरी सुचवलं होतं. मग पासपोर्ट, व्हिसा, विमानाची तिकिटं यांचा हिशेब मांडला आणि बेत चंद्रपूर-गडचिरोलीवर आला. मुली जरा हिरमुसल्या होत्या. मी म्हटलं, हिरमुसू नका. जिथली भाषा तुम्हाला येत नाही आणि जिथले देव तुम्हाला माहीत नाहीत, तो परदेशच. एटापल्ली तालुक्यात लोक माडिया बोलतात. तुमच्यातल्या किती जणांना माडियातला एक तरी शब्द येतो? आणि नकाशावरच्या रेषेचंच म्हणाल, तर लोहखनिजासाठी नावाजलेला आपला शेजारचा गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत परदेशच होता की!

त्यांनी सोबत प्रश्नावली आणली होती. बासष्ट प्रश्न. पहिला, ‘कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?’ आणि खाली चार चौकोन. सतरावा, ‘आपण दिवसातून किती वेळा जेवता?’ पुन्हा चौकोन. ‘सर, तेवढी तपासून द्या’ म्हणाल्या. मी वाचत गेलो आणि सतराव्या प्रश्नापाशी थांबलो. का थांबलो ते आधी सांगतो.

१९७२ चा दुष्काळ इथं बसलेल्यांपैकी काही जणांना आठवत असेल. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीत माझ्या मायसोबत दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. हा शब्द लक्षात ठेवा, खडी. दगड फोडून पोट भरणं मी पुस्तकात वाचलेलं नाही. मिलो नावाची लाल ज्वारी, सुखडी, मस्टरवर अंगठा, संध्याकाळी ढीग मोजून पैसे. एक दिवस शहरातून काही विद्यार्थी आले. हातात कागद, पायात बूट. त्यातल्या एका बाईंनी मायला विचारलं, ‘दिवसातून किती वेळा जेवता?’ माय म्हणाली, ‘दोन टायमाला जेवतो बाई.’ त्यांनी लिहून घेतलं आणि त्या पुढच्या ढिगाकडे गेल्या.

आम्ही एकदाच जेवत होतो. रात्री मी मायला म्हटलं, ‘खोटं कशाला सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘पाव्हण्यासमोर पोट उघडं करून दाखवायचं का?’

आता बघा. त्या बाईंचं काही चुकलं का? नियमाप्रमाणे नाही. प्रश्न सोपा होता, उत्तर स्पष्ट मिळालं, ते इमानदारीनं नोंदवलं गेलं. तरीपण कुठल्यातरी अहवालातल्या कोष्टकात आमचं घर दोन वेळा जेवणारं म्हणून बसलेलं असणार. पुढं तत्त्वज्ञान शिकवताना ‘असत्य विधान’ म्हटलं की मला ते कोष्टक आठवायचं. मायचं उत्तर अन्नाबद्दल खोटं होतं. पण घरच्या अब्रूबद्दल ते शंभर टक्के खरं होतं आणि ते नोंदवायला त्या कागदावर चौकोन नव्हता.

म्हणून मी त्या मुलींना म्हटलं, सतरावा प्रश्न काढा. चुलीजवळ बसायला मिळालं तर बसा, आणि ‘काल संध्याकाळी काय केलं होतं जेवायला?’ असं विचारा. काल संध्याकाळचं माणसाला आठवतं आणि ते सांगताना आपण गरीब असल्याचा दाखला द्यावा लागत नाही. मासिक उत्पन्नाचंही तसंच. ज्याला महिन्याच्या महिन्याला पैसा येतो त्यालाच तो प्रश्न कळतो. तुमच्यातल्या अर्ध्या मुलांच्या घरी कापूस आणि सोयाबीन विकल्यावर पैसा दिसतो. काहींचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांची उचल दसऱ्याच्या आसपास हातात येते आणि पुढचे सहा महिने ती फेडण्यात जातात. तुमच्या बापाचं मासिक उत्पन्न किती? सांगा बरं. गडचिरोलीत मोहफुलं उन्हाळ्याच्या तोंडावर पडतात, तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात काही दिवसांचा असतो, बांबूचा पैसा वेगळ्या वेळी येतो. चौकोन कुठला भरणार?

गरिबी मोजूच नये, असं मी म्हणत नाही. मोजलीच पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात तर या कामाची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही रेघ धरली होती. पुढं रेघा बदलत गेल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी ग्रामीण भागात माणशी महिना ८१६ रुपये ही रेघ आली, रंगराजन समितीनं ती ९७२ वर नेली. माणूस तोच, घर तेच, समिती बदलली की तो रेघेच्या वरून खाली येतो. याला हसू नका. रेघ आखणाऱ्यांना ती कुठंतरी आखावीच लागते. तुम्हाला फक्त एवढं माहीत पाहिजे की ‘गरीब’ हा शब्द वापरताना तुम्ही कुठली रेघ वापरताय, की तुमच्या डोक्यातलं एक चित्र वापरताय. आणि चित्र बहुतेक वेळा कपड्यांचं असतं.

आता खाणीकडे येऊ. परभणी जिल्ह्यात खाण नाही असं पोरं म्हणतात. दख्खनच्या काळ्या दगडाखाली आपल्याकडे कोळसा नाही, लोखंड नाही, हे बरोबर. पण गंगाखेडला जाऊन बघा. आपण गोदावरीला गंगा म्हणतो, तिच्या काठाला गंगथडी म्हणतो, आणि रात्री तिच्या पात्रात काय चालतं हे सगळ्यांना माहीत असून कुणालाच माहीत नसतं. वाळू हे खनिजच आहे. कायद्यात तिला ‘गौण खनिज’ म्हणतात. (गौण हा शब्द आमच्या शास्त्रातला, मुख्यच्या विरुद्ध. ज्यानं वाळूला तो लावला, त्याची विहीर नदीकाठी नसावी.) वाळू नदीचं पाणी धरून ठेवते. पात्र खरवडलं की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये दीपककुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यालासुद्धा पर्यावरण परवानगी लागेल. आपल्या सरकारनं २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासनं डेपोवरून वाळू देण्याचं धोरण आणलं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे घर बांधणाऱ्याला सांगायला नको.

तर माझी पहिली सूचना ही होती की गडचिरोलीला जाण्याआधी दोन दिवस गंगथडीला जा. गंगेकाठच्या एका घरात तुम्हाला असं दिसेल की बापाची विहीर आटलीय आणि पोरगा वाळूच्या ट्रॅक्टरवर आहे. बापाला विचारलं तर वाळूउपशानं वाटोळं केलं म्हणेल. पोराला विचारलं तर म्हणेल, ट्रॅक्टर बंद झाला तर हप्ते कोण फेडणार? दोघं एकाच ताटात जेवतात. आता लिहा, या घरासाठी खाण चांगली की वाईट? ‘कुटुंब’ हा एकक धरून तुम्ही प्रश्नावली केली असेल तर ती इथंच मोडते. मोडू द्या. परभणीत मोडली तर दुरुस्त करायला वेळ आहे, एटापल्लीत मोडली तर नाही.

दुसरी गोष्ट कार्यकारणाची. हा माझा जुना विषय, त्यामुळं जरा थांबेन. अभ्यासाला निघालेल्या माणसाच्या डोक्यात दोन वाक्यं आधीच तयार असतात. एक, ‘खाणीमुळे लोक गरीब झाले.’ दुसरं, ‘खाण आली तर लोकांची गरिबी जाईल.’ कोण कुठल्या पक्षाचा त्यावर वाक्य ठरतं. पुरावा नंतर गोळा होतो.

आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, मग आपण कावळ्याला धरतो. लोहखनिज आणि कोळसा भारतात बऱ्याच ठिकाणी डोंगराळ, जंगलाच्या मुलखात आहे. तिथं आदिवासी राहतात. रस्ता, शाळा, दवाखाना तिथं आधीपासूनच पोचलेला नाही. तुम्ही खाण बघता, शेजारी गरिबी बघता आणि एकामुळे दुसरं असं म्हणता. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण खाण येण्याआधी त्या गावात काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे का? खाण नसलेलं, तशाच जंगलातलं शेजारचं गाव तुम्ही बघितलं का? ते बघितल्याशिवाय बोलायचा अधिकार नाही. म्हणून मी मुलांना म्हटलं, जितकी खाणीची गावं घ्याल तितकीच बिनखाणीची घ्या.

आणि उलटं वाक्यही तितकंच कच्चं. जिल्ह्याचं उत्पन्न मोजताना तिथं निघालेल्या खनिजाची किंमत त्या जिल्ह्याच्या नावावर धरतात. मग ते भागिलं लोकसंख्या. आकडा छान दिसतो. पण त्यातला किती पैसा जिल्ह्यात राहिला? खनिजाचं स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जातं, नफा कंपनीच्या मुख्यालयात जातो आणि धूळ तेवढी जागच्या जागी राहते. हे लक्षात आल्यावरच २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही सोय निघाली. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि नंतर लिलावात गेलेल्यांनी १० टक्के रक्कम या निधीत भरायची. ती खाणीनं बाधित गावांसाठी, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना वापरायची. तुम्ही गावात गेल्यावर ‘तुम्ही गरीब का?’ असं विचारण्यापेक्षा ‘या निधीतून गावात काय झालं?’ असं विचारा. आणि तोच प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयातही विचारा. दोन उत्तरं शेजारीशेजारी लिहा, तेवढ्यानंसुद्धा अहवालाला वजन येईल.

जगातही हाच वाद आहे. रिचर्ड ऑटी नावाच्या अभ्यासकानं १९९३ मध्ये ‘संसाधनांचा शाप’ ही कल्पना मांडली, की खनिजानं श्रीमंत असलेले देश बरेचदा मागे पडतात. पण मग बोटस्वाना घ्या. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा अतिगरीब देशांत गणला जायचा, पुढच्याच वर्षी हिरे सापडले, आणि आज तो मध्यम उत्पन्नातल्या वरच्या गटात मोजला जातो. शेजारचा झांबिया तांब्यावर बसूनही अडखळला. जमिनीतून काय निघालं यापेक्षा करार कुणी केला, पैसा कुणाच्या हाती गेला, यानं फरक पडला. आणि हो, बोटस्वानातही गरीब-श्रीमंतांतली दरी फार मोठी आहे, म्हणजे सरासरीनं तिथंही हुरळून जायला नको.

खाण बंद झाल्यावरचीही एक गरिबी असते, ती विसरू नका. गोव्यात शहा आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. बेकायदा उपसा थांबायलाच हवा होता, यात मला शंका नाही. पण डिचोली-सांगे भागात ज्यानं शेती सोडून कर्जावर ट्रक घेतला होता, त्याला तुम्ही काय सांगणार? शेतात तोवर खाणीचा गाळ साचलेला.

आता तुमच्या प्रत्यक्ष रस्त्यावर येऊ. नंदीग्रामनं निघाल, किनवट, आदिलाबाद मागे पडेल, पैनगंगा ओलांडलीत की कोळशाचा मुलुख. तिथं वेकोलि हा शब्द सारखा ऐकू येईल, वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड. खासगी कोळसाखाणी १९७३ मध्ये सरकारच्या झाल्या, त्यानंतर १९७५ ची ही कंपनी. चंद्रपूरचं प्रदूषण केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात गाजलं होतं. देशात चौथा क्रमांक होता, ८३.८८ गुण. पोरं म्हणतील, हेच लिहू. लिहा, पण ते तुम्हाला इथं बसूनही लिहिता आलं असतं. तिथं जाऊन बघायचं ते वेगळं आहे.

कोल इंडियाच्या धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. साधा वाटतो ना? आता तो एका गावावर ठेवून बघा. ज्याची पाच एकर गेली त्याच्या घरात दोन पगार आले. सरकारी कंपनीचा कायम पगार, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना. ज्याची दीड एकर गेली, तो दुसऱ्याच्या अर्ध्या एकराशी जुळवाजुळव करत फिरतो. तीन भाऊ असतील तर नोकरी कुणाला, यावर वर्षानुवर्षं बोलणं बंद. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती, जो त्या पाच एकरवाल्याकडे सालगडी होता, त्याचं काय गेलं? कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात सगळंच. त्याला विस्थापित म्हणावं असा कागद त्याच्या हाती नसतो. मग तो किंवा त्याचा पोरगा त्याच खाणीत कंत्राटदाराकडे लागतो. एकाच खड्ड्यात, एकाच धुळीत, शेजारीशेजारी काम करणाऱ्या दोघांच्या मजुरीत जमीनअस्मानाचा फरक. तेव्हा ‘खाणकामगार’ असा एकच चौकोन तुमच्या कागदावर असेल तर तो फोडून दोन करा. आणि सातबारा वाचायला शिकून जा. आपल्या तलाठ्याकडे बसून एक दिवस शिका, त्यासाठी पीएच.डी. लागत नाही.

पुढं गडचिरोली. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. २००७ मध्ये तिथं साधारण ३४८ हेक्टरचा पट्टा एका कंपनीला मिळाला. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली सत्तर-ऐंशी वाहनं जाळली, काम थांबलं, २०२१ पासून पुन्हा जोरात सुरू झालं. तो डोंगर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचा आहे, जानेवारीत तिथं यात्रा भरते. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हा प्रश्न ग्रामसभांवर सोपवला होता आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. सुरजागडचा इतिहास वेगळा आहे, तो तिकडे जाऊन समजून घ्या. पण एक कागद जाण्याआधी वाचा. उत्खनन वाढवण्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीला झाली, म्हणजे डोंगरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. कोण काय बोललं हे बघण्याआधी कोण तिथवर पोचू शकलं हे बघा.

आणि याच जिल्ह्यात दुसरं टोकही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी. तिथं गावकऱ्यांचे अभ्यासगट चालत आलेत. तुम्ही अभ्यासक म्हणून जाल आणि समोर बसलेली माणसंही अभ्यासकच असतील. जरा तयारीनं जा.

इथं आमच्या न्यायशास्त्राचा उपयोग होतो, कंटाळू नका, पाचच मिनिटं. ज्ञानाची चार साधनं सांगितलीत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दहा दिवसांच्या दौऱ्यात प्रत्यक्ष किती मिळणार? लाल धूळ दिसेल, ट्रकांची रांग दिसेल. गरिबी तशी दिसत नाही, कारण ती बरीचशी न घडलेल्या गोष्टींची असते, न घेतलेलं औषध, सोडलेली शाळा. म्हणजे तुमचा सगळा भार ‘शब्द’ या प्रमाणावर, दुसऱ्याच्या सांगण्यावर. मग प्रश्न येतो, कुणाचं सांगणं धरायचं? आप्त कोण? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनांनी याचं उत्तर दिलंय आणि ते मला फार मोलाचं वाटतं. ज्यानं गोष्ट स्वतः जाणलीय आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू, असं ते म्हणतात. दीड हजार वर्षांहून जुना ग्रंथ आहे हा. त्यात तुमच्या कामाचं निम्मं आलं.

कंपनीचा अधिकारी खाणीतून किती टन निघतं याचा आप्त आहे. झऱ्याला पाणी कधीपर्यंत असायचं याचा आप्त पाणी भरणारी बाई आहे. दोघांनाही आपापल्या जागी धरा आणि जागा बदलू नका. भाष्यातली दुसरी अट अवघड आहे, जसं आहे तसं सांगायची इच्छा. ती इच्छा समोरच्याच्या स्वभावावरच असते असं नाही. ती तुमच्यावरही असते. तुमच्याबरोबर कोण आलंय, गाडी कुणाची आहे, मागे कोण उभं आहे, तुम्ही बसलात की उभ्यानंच लिहिताय. माझ्या मायचं उदाहरण दिलंच. माडिया ते मराठी दुभाषा घ्याल, तो गावचाच असेल तर कुणाच्या घरचा आहे हे आधी विचारा. आणि त्यानं पाच मिनिटांचं बोलणं एका वाक्यात सांगितलं तर तिथंच थांबवा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगावी की नको, मी ठरवत होतो.

नव्वदच्या दशकात मी स्वतः असाच एक गट घेऊन कोळशाच्या पट्ट्यात गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. खुल्या खाणीतल्या सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे गेले होते. एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. काळा चहा, दूध नव्हतं. मग आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यात अर्जांच्या झेरॉक्स, पोचपावत्या, आणि आधी येऊन गेलेल्या सर्वेवाल्यांनी दिलेली कार्डं. नऊ-दहा असतील. ते म्हणाले, ‘साहेब, तुमचंबी कार्ड देता का? यात ठेवतो.’ मी दिलं. आम्ही चाळीस पानांचा अहवाल केला, मुलांना चांगले गुण मिळाले, एक प्रत ग्रंथालयात गेली. गावात एकही नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं, मग परीक्षा आल्या, मग दुसरं काही. त्या गावाच्या जागी पुढं खाण सरकली असं कळलं. तीस वर्षं मी वर्गात कांट शिकवला, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, हे पोरांना पाठ करायला लावलं. आणि त्या बाबांच्या पिशवीत माझं कार्ड आहे.

म्हणून या गटाला मी एक अट घातली आहे आणि त्यांनी ती मानली आहे. दहा दिवसांचा दौरा आठ दिवसांचा करायचा. वाचलेल्या पैशातून उन्हाळ्यात दोघांनी परत जायचं. अहवालाचं मराठीत आठ पानी टिपण करायचं, ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं, माडियात सांगणारा माणूस बरोबर घ्यायचा, आणि लोक चुका काढतील त्या अहवालात घालायच्या. त्यानंतरच तो महाविद्यालयात जमा करायचा. आम्ही नोकरी लावू, भरपाई मिळवून देऊ, असं मात्र काही बोलायचं नाही. तुम्ही परत येऊ शकता, तेवढंच सांगा.

[यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातले दोन.]

प्रश्न : सर, कंपनीच्या अतिथीगृहात राहायची सोय होते आहे. राहावं का?

उत्तर : मी राहणार नाही. आश्रमशाळा, गावातलं समाजमंदिर, काहीतरी बघा. मुली आहेत, सुरक्षितता बघावी लागते हे मला कळतं. दुसरा इलाजच नसेल तर राहा, पण अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा की आम्ही कंपनीच्या अतिथीगृहात राहिलो आणि तिथलं जेवलो. वाचणाऱ्याला काय ठरवायचं ते ठरवू द्या. पोलीस ठाण्यात आणि ग्रामसभेला आधी पत्र द्यायचं, दोन्हीकडे मजकूर सारखाच. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं.

प्रश्न : तिथल्या लोकांनी उलट आम्हालाच विचारलं, की तुमच्या घरी किती जमीन, बाप काय करतो, तर?

उत्तर : विचारणारच. खरं सांगा. माय ऊसतोडीला जाते तर जाते म्हणा. लपवाल तर तुमच्याही कोष्टकात एक चुकीचं उत्तर वाढेल. आणि एक, वेळ झाली म्हणून सांगून टाकतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता सगळ्यांनी गंगाखेडला, गंगेच्या घाटावर यायचं. पाणी, टोपी आणि एक वही आणा. प्रश्नावली घरी ठेवून या.